अ‍ॅडलेड ते पर्थ सहकुटुंब मोटारप्रवास : नलारबोर ओलांडताना मुक्काम कुठे करावेत?

कोरांटी

नमस्कार. नोकरीतील बदलीमुळे आम्ही येत्या जुलैमध्ये अ‍ॅडलेडहून पर्थला कायमचे राहायला जात आहोत. सामान कंटेनरने पुढे जाईल, परंतु आपलीच गाडी आपणच चालवत न्यावी आणि त्या निमित्ताने वाटेतले नलारबोरचे विस्तीर्ण, जवळपास वृक्षहीन पठार मुलांना दाखवावे, असे घरात ठरले आहे. गाडीत आम्ही दोघे, पाच आणि नऊ वर्षांची मुले आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई असू. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे आणि गुडघ्यांमुळे सलग दोन तासांपेक्षा जास्त बसवत नाही.

एकूण अंतर सुमारे 2,700 किलोमीटर आहे. नकाशावरून मी जे मुक्काम ठरवले आहेत, ते असे: पहिली रात्र सेडूना, दुसरी युक्ला, तिसरी नॉर्समन आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी पर्थ. गाडी आम्ही दोघेही चालवतो. रस्ता सरळ आहे आणि वेगमर्यादा ताशी 110 किलोमीटर आहे, त्यामुळे कागदावर तरी हे बसते. मात्र या रस्त्याने कुटुंबासह गेलेल्या मंडळींनी मुक्कामांची ठिकाणे, खोल्यांची अवस्था, जेवणाची सोय आणि आरक्षण यांविषयी मार्गदर्शन केल्यास फार उपकार होतील. आम्ही सारे शाकाहारी आहोत.

पर्थकर

कोरांटी, तुमचा मार्ग योग्य आहे, पण मुक्काम मात्र मुळापासून बदलावेत असे मी आग्रहाने सांगेन. तुम्ही अंतराला वेगाने भागून दिवस पाडले आहेत. या रस्त्यावर दिवस पाडायचे ते सूर्यास्तावरून. संध्याकाळ होऊ लागली की कांगारू रस्त्याकडे येतात आणि पहाटेपर्यंत तिथेच वावरतात. वॉम्बॅट आणि उंट यांचीही भर असते. ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीपुढे मोठा लाल कांगारू आला, तर रेडिएटर फुटतो आणि गाडी जागेवर थांबते. तेथून गाडी ओढून न्यायची म्हणजे शेकडो किलोमीटर. म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी किमान तासभर आधी मुक्कामाच्या दारात गाडी उभी असावी, हा एकच नियम धरून बसा. बाकीचे वेळापत्रक त्यातून आपोआप निघते.

आता हा नियम तुमच्या योजनेला लावून पाहा. अ‍ॅडलेड ते सेडूना अंतर जवळपास 780 किलोमीटर आहे. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे विश्रांती, जेवण आणि मुलांचे थांबे धरले तर सकाळी सात वाजता निघूनही संध्याकाळचे सहा वाजतील, आणि जुलैमध्ये सेडूनाला साडेपाच ते सहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. म्हणजे पहिल्याच दिवशी शेवटचा दीड तास नेमका धोक्याच्या वेळेत जाईल. शिवाय तुम्ही पश्चिमेकडे चालला आहात. हिवाळ्यात दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरून थेट समोरच्या काचेतून डोळ्यांवर येतो आणि समोरून येणारा ट्रकही नीट दिसत नाही. पूर्वेकडे जाणाऱ्यांना हा त्रास सकाळी होतो, तुम्हाला तो दिवसाच्या शेवटी, थकलेल्या अवस्थेत होणार आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची आहे आणि ती बहुतेक जण विसरतात. साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ हिवाळ्यात पर्थच्या दीड तास पुढे असते. दोन राज्यांच्या सीमेवरील बॉर्डर व्हिलेजपासून साधारण कायगुनाच्या आसपासपर्यंतच्या छोट्या वस्त्या या दोन्हींच्या बरोबर मधली वेळ पाळतात, म्हणजे अ‍ॅडलेडच्या पाऊण तास मागे आणि पर्थच्या पाऊण तास पुढे. पश्चिमेला जाताना वेळ मिळाल्यासारखा वाटतो, पण उजेड काही वाढत नाही. बॅलाडोनिया आणि नॉर्समनला पर्थची वेळ लागू होते आणि ती दोन्ही ठिकाणे पर्थच्या बऱ्याच पूर्वेला असल्याने जुलैमध्ये तिथे पाचच्या आसपासच सूर्यास्त होतो. ‘अजून चारच वाजले आहेत, पुढचे दोनशे किलोमीटर उरकून टाकू’ असे तिथे मनात आले, तर ते दोनशे किलोमीटर अंधारातलेच समजा.

तुमच्या कुटुंबाचा विचार करता मी पुढीलप्रमाणे मुक्काम करीन. पहिली रात्र किंबा. अ‍ॅडलेडहून सुमारे 465 किलोमीटर, पोर्ट ऑगस्टाला जेवण, आणि चार वाजण्यापूर्वी पोहोचता येते. गाव लहान पण नीटनेटके आहे, धान्याच्या कोठारांवर मोठी चित्रे रंगवलेली आहेत आणि मुलांना पळायला जागा आहे. दुसरी रात्र सेडूना, तिथून साधारण 310 किलोमीटर. हा दिवस मुद्दाम छोटा ठेवावा, कारण सेडूना हे नॉर्समनपर्यंतचे शेवटचे खरे गाव आहे. रुग्णालय, औषधांचे दुकान, सुपरमार्केट आणि टायरचे दुकान हे सारे तिथे आहे आणि पुढच्या सुमारे 1,200 किलोमीटरमध्ये यांपैकी काहीही मिळणार नाही. तिसरी रात्र नलारबोर रोडहाउस (महामार्गावरचा पेट्रोल पंप आणि खोल्यांचा थांबा), चौथी कॉकलबिडी, पाचवी नॉर्समन. त्यानंतरचे 720 किलोमीटर एका दिवसात करू नयेत. मेरेडिनला थांबावे किंवा वाट थोडी वाकडी करून कॅलगूर्लीला.

चाकोरीबाहेर

पर्थकरांच्या अनुभवाचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. नागपूर-मुंबई प्रवासात जेवणे उरकून रात्रीच गाडी काढणाऱ्या घरात मी वाढलो आहे. मुले झोपलेली असतात, ऊन नसते, वाहतूक कमी असते. नलारबोर मी मित्रांबरोबर ओलांडले तेव्हा सेडूनाहून पहाटे निघून आम्ही त्याच रात्री नॉर्समनला पोहोचलो होतो. चालक दोन असतील, तर इतक्या रात्री रोडहाउसच्या महाग आणि जेमतेम सोयीच्या खोल्यांत घालवणे आवश्यक आहे का? तोच पैसा आणि वेळ पर्थच्या दक्षिणेकडील मार्गारेट रिव्हरला दिला, तर कुटुंबाला अधिक आनंद मिळेल असे वाटते.

पर्थकर

आपल्याकडे रात्री निघण्यामागे सबळ कारणे आहेत: ऊन, गर्दी आणि वाटेत कुठेही उघडा असलेला ढाबा. इथे यांपैकी एकही कारण लागू होत नाही. जुलैमध्ये ऊन सुसह्य असते, दिवसाही वाहतूक विरळ असते आणि रात्री बरीचशी रोडहाउस बंद होतात. दोन चालक असल्याने थकवा वाटला जातो हे मान्य. पण समोर आलेला कांगारू पाहून ब्रेक दाबायला लागणारे अंतर दोन चालकांमुळे कमी होत नाही. ट्रकवाले रात्री जातात ते पुढे भक्कम लोखंडी पट्ट्या बसवून, आणि तरीही सकाळी रस्त्याच्या कडेला पडलेली जनावरे पाहिली की रात्री काय घडले असेल त्याची कल्पना येते. याच मेलेल्या जनावरांवर सकाळी मोठे गरुड उतरतात. पोट भरलेला गरुड जड अंगाने आणि सावकाश उडतो, कधी कधी तर गाडीच्या दिशेनेच. म्हणून सकाळीही सूर्य चांगला वर आल्यावरच निघावे आणि कडेला असे काही दिसले की वेग बराच कमी करावा.

भाड्याच्या गाडीने जाणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना: अनेक कंपन्यांच्या करारात गावाबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवण्यास मनाई असते आणि त्या वेळेतल्या अपघाताचा विमा मिळत नाही. करारातील ते कलम वाचूनच मुक्काम ठरवा.

चाकोरीबाहेर

ब्रेकच्या अंतराचा मुद्दा पटला. लहान मुले आणि आजी बरोबर असताना माझी सूचना मी मागे घेतो.

सायली_पोर्टलिंकन

आम्ही एअर द्वीपकल्पातच राहतो आणि सासर पर्थला असल्याने या रस्त्याशी आमचा नित्याचा संबंध आहे. खोल्यांविषयी विचारले आहे, म्हणून तेवढेच सविस्तर लिहिते.

रोडहाउस म्हणजे पेट्रोल पंप, खाणावळ, दुकान, कॅरव्हॅन लावण्याची जागा आणि मागे एका ओळीत बांधलेल्या मोटेलच्या खोल्या, असे सगळे एकत्र असते. गाव नसते. खोलीत दोन-तीन पलंग, हीटर, लहान फ्रीज, किटली आणि बहुधा टोस्टर असतो. स्वयंपाकाचा कट्टा क्वचितच. पाणी कूपनलिकेचे किंवा क्षार काढून शुद्ध केलेले असते आणि ते जपून वापरावे अशी पाटी न्हाणीघरात हमखास असते. नळाच्या पाण्याला खारट चव लागते, त्यामुळे पिण्याचे पाणी सेडूनालाच भरून घ्यावे. वीज अनेक ठिकाणी जनित्रावर चालते. आरक्षण करताना खोली मागच्या बाजूची मागून घ्या. पुढच्या अंगणात शीतपेट्यांचे मोठे ट्रक रात्रभर यंत्र चालू ठेवून उभे असतात आणि ती घरघर सासूबाईंना झोपू देणार नाही. खोलीच्या दारापुढे पायऱ्या आहेत का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, हेही त्याच फोनवर विचारा. संगणकावरील आरक्षणात ही माहिती नसते. फोनवर मात्र तिथली माणसे मोकळेपणाने सांगतात.

आरक्षण मधल्या रात्रींपासून सुरू करावे. किंबा, सेडूना किंवा कॅलगूर्लीला दोन-चार पर्याय मिळतात. नलारबोर रोडहाउस आणि कॉकलबिडी इथे मोजक्याच खोल्या आहेत. जुलैमध्ये शाळांच्या सुट्ट्या, देवमाशांचा हंगाम आणि थंडी टाळण्यासाठी कॅरव्हॅन घेऊन निघालेले निवृत्त लोक हे तिन्ही एकाच वेळी येतात. मधल्या दोन रात्री पक्क्या झाल्या की मग दोन्ही बाजूंनी बाकीचे मुक्काम जोडत जा. आणि आरक्षण करताना स्वयंपाकघर किती वाजता बंद होते व ते कोणत्या घड्याळाप्रमाणे, हे विचारायला विसरू नका. अ‍ॅडलेडच्या वेळेची सवय असलेल्या मुलांना तिथल्या जेवणाच्या वेळेआधीच भूक लागते.

अन्नपूर्णा_मेलबर्न

शाकाहारी जेवणाबद्दल लिहिते, कारण या प्रवासात त्याचा मुक्कामांशी थेट संबंध आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर कृषी तपासणी नाके चोवीस तास चालू असते. ताजी फळे, भाज्या, मध, बियाणे आणि रोपे पलीकडे नेता येत नाहीत. नाक्यावर गाडी थांबवतात, अधिकारी खिडकीशी येऊन आधी काय काय आहे ते विचारतात, मग डिकी आणि थंड पेटी उघडायला सांगतात. डब्याखाली राहिलेले अर्धे लिंबू, मुलांच्या दप्तरातले सफरचंद, कोथिंबिरीची जुडी, कढीपत्त्याची पुडी, हे सारे तिथल्या पिंपात जाते. न सांगता काही सापडले तर दंड होऊ शकतो, म्हणून जे आहे ते स्वतःहून दाखवावे. शिजवलेल्या पदार्थांना सहसा अडचण येत नाही.

याचा अर्थ असा की सेडूनाला भरलेली ताजी भाजी नलारबोर रोडहाउसच्या मुक्कामापर्यंतच संपायला हवी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी रिकामी हवी. त्यानंतर नॉर्समनच्या दुकानापर्यंत ताजे काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. रोडहाउसच्या खाद्ययादीत मांसाहाराचाच भर असतो. शाकाहाऱ्यांना बटाट्याचे तळलेले काप, भाजलेले सँडविच आणि फार तर एखादा पास्ता. म्हणून त्या दोन दिवसांसाठी कोरडा शिधा न्यावा. भाजलेल्या रव्यात मीठ, सुकी मिरची, जिरे आणि तूप घालून उपम्याचे तयार पीठ केले, की किटलीतल्या उकळत्या पाण्यात झाकून ठेवून खाण्याजोगा उपमा होतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि दुधाची पावडर इतके असले तरी मुलांचे भागते. खोलीत फोडणी मात्र करू नये. धुराचा गजर लगेच वाजतो आणि जनित्रावरच्या विजेला इंडक्शनच्या शेगडीचा भार पेलेलच असे नाही.

सासूबाईंच्या इन्सुलिनसाठी खोलीतला फ्रीज पुरतो, पण असे छोटे फ्रीज मागच्या बाजूला फार थंड होतात आणि गोठलेले इन्सुलिन निकामी ठरते. ते दाराच्या कप्प्यात ठेवावे. गाडीतल्या थंड पेटीतही बर्फाला थेट टेकू देऊ नये. नेहमीच्या साठ्याच्या दुप्पट औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. जेवणाच्या वेळा घड्याळाच्या बदलाने हलतात, म्हणून इन्सुलिन, जेवण आणि घड्याळ यांचा मेळ निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

स्पॅनर

गाडीविषयी थोडे. पेट्रोल पंपांमधले अंतर दोनशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे जादा डबे नेण्याची गरज नाही. मात्र प्रत्येक मुक्कामी संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. भाव शहरापेक्षा बराच जास्त असतो, तो हिशेबात धरा.

त्याहून महत्त्वाचा आहे तो सुटा टायर. नव्या गाड्यांमध्ये पूर्ण आकाराचा सुटा टायर नसून ताशी 80 किलोमीटरपर्यंतच चालणारा बारीक तात्पुरता टायर असतो. काहींत तर फक्त हवा भरण्याचा संच. कॉकलबिडी आणि नॉर्समनच्या मध्ये टायर फाटला आणि अशा टायरवर जावे लागले, तर दिवसाचे सारे गणित कोसळून सूर्यास्त रस्त्यातच गाठतो. पूर्ण आकाराचा टायर मिळवून डिकीत टाका, त्यासाठी एक बॅग कंटेनरमध्ये गेली तरी चालेल.

मोबाइलचे जाळे रोडहाउसच्या आसपास मिळते, मध्ये बहुतांशी नाही. म्हणून प्रत्येक सकाळी पुढच्या मुक्कामाचे नाव आणि पोहोचण्याची अपेक्षित वेळ घरच्या एका माणसाला कळवून निघावे आणि पोहोचल्यावर पुन्हा कळवावे. रस्त्यावर काही ठिकाणी धावपट्टीसारखे पांढरे पट्टे रंगवलेले दिसतील. तिथे फ्लाइंग डॉक्टरांचे, म्हणजे दुर्गम भागात वैद्यकीय सेवा पुरवणाऱ्यांचे, विमान महामार्गावरच उतरते. मुलांना ते आवर्जून दाखवा.

कोरांटी

सर्वांचे मनापासून आभार. पर्थकर, सूर्यास्तावरून दिवस पाडण्याचा विचार वाचल्यावर आम्ही सर्व ठिकाणांच्या सूर्यास्ताच्या वेळा घेऊन तक्ता नव्याने मांडला. सायलीताईंच्या सल्ल्याप्रमाणे नलारबोर रोडहाउस आणि कॉकलबिडी इथल्या खोल्या आधी फोनवर ठरवल्या. दोन्हीकडे मागच्या बाजूच्या, पायरी नसलेल्या खोल्या मिळाल्या. नंतर किंबा, सेडूना आणि नॉर्समन जोडले. स्पॅनर, आमच्या गाडीत खरोखरच बारीक टायर निघाला. पूर्ण आकाराचा मागवला आहे.

दोन प्रश्न उरतात. नलारबोर रोडहाउसहून कॉकलबिडीचा दिवस सुमारे 470 किलोमीटरचा आहे आणि मध्ये तपासणी नाके आहे. देवमासे पाहण्यासाठी हेड ऑफ बाइटला त्याच सकाळी जावे, की आदल्या दिवशी? आणि शेवटच्या टप्प्यात मेरेडिन की कॅलगूर्ली?

पर्थकर

हेड ऑफ बाइट आदल्या दिवशीच पाहा. ते रोडहाउसच्या सुमारे वीस किलोमीटर अलीकडे, महामार्गापासून बारा किलोमीटर आत आहे, म्हणजे सेडूनाहून येताना वाटेतच लागते. सकाळी आठला निघालात तर जेवणाच्या सुमारास पोहोचाल, दोन-अडीच तास थांबाल आणि तरीही पुरेशा उजेडात खोलीवर असाल. लाकडी फळ्यांचा मार्ग कड्याच्या काठाने जातो, बसायला बाके आहेत, त्यामुळे सासूबाईंनाही ते जमेल. जुलैमध्ये माद्या पिलांना घेऊन कड्याच्या अगदी पायथ्याशी येतात. दुर्बीण न्याच, पण अनेकदा तिच्याशिवायही पिलू आईच्या पाठीवर चढताना दिसते. दुसऱ्या दिवशीचा वेळ बुंडा कड्यांवरील एखाद्या थांब्यासाठी आणि नाक्यासाठी राखून ठेवा. कड्यांपाशी मुलांचा हात सोडू नये. काठ आतून पोखरलेला असतो आणि कठडा सगळीकडे नाही.

कॉकलबिडी ते नॉर्समन हा दिवसही 440 किलोमीटरचा आहे आणि त्यातच कायगुना ते बॅलाडोनियामधला, एकही वळण नसलेला 146 किलोमीटरचा पट्टा येतो. तिथे झोप येते. चालक कायगुनाला बदला, मध्यावर नको. बॅलाडोनियाला 1979 साली कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाचे अवशेष असलेले छोटे संग्रहालय आहे, तिथे अर्धा तास पाय मोकळे होतात. नॉर्समनला साडेतीनपर्यंत पोहोचायचे ठेवा.

सायली_पोर्टलिंकन

शेवटच्या टप्प्यासाठी माझे मत कॅलगूर्लीला. नॉर्समनहून ते 190 किलोमीटरच आहे, त्यामुळे आधीच्या दोन लांब दिवसांनंतर सासूबाईंना दुपारपासून विश्रांती मिळेल, स्वयंपाकघर असलेली सदनिका मिळेल आणि मोठे रुग्णालयही जवळ आहे. मुलांना सोन्याची प्रचंड उघडी खाण पाहता येईल. तिथून पर्थ मात्र सुमारे 595 किलोमीटर राहते. तेवढे एका दिवसात जड वाटले तर कॅलगूर्लीनंतर मेरेडिनलाही एक रात्र थांबा; पुढचे 260 किलोमीटर करून जेवणाच्या वेळेला घरी पोहोचाल आणि नव्या घराची किल्ली कार्यालयीन वेळेत ताब्यात घेता येईल.

कोरांटी

किल्लीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. कॅलगूर्ली आणि मेरेडिन, दोन्ही ठेवत आहोत. मेरेडिनची खोली आज संध्याकाळी फोन करून ठरवते.